मुकादमाची चोच

"अहो, ऐकताय का? की कानसुद्धा साच्यात घालून ठेवलेत?"

बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेलं कासव आणि उजव्या हाताच्या चिमटीत किसलेल्या काकडीचा गोळा. कासवाने मान आत घेतली होती. बाहेर राहिलं होतं ते फक्त चोचीचं टोक. बाईंची नजर मात्र कासवावर नव्हती. समोरच्या कामाच्या खोलीचं दार बंद होतं आणि त्या बोलत होत्या ते त्या दाराशी.

"आज दहावा दिवस. दहा दिवस या मुक्या जिवाच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. आणि तुम्ही आत बसून काय दिवे लावताय? मशीनचा आवाज नाही, ठोकाठोक नाही. नुसती खुर्ची करकरते. माणसाने आळशी असावं, पण त्याला काही सुमार? बत्तीस वर्षं सांभाळलेलं जनावर उपाशी मरतंय आणि हे तोंड फिरवून बसलेत!"

आत खुर्ची सरकली. थोड्या वेळाने तात्यांचा आवाज आला.

"डॉक्टरकडे ने म्हटलं ना मी."

"नेते की. नेण्याचं काय, कडेवर घेऊन नेईन. पण बाहेर येऊन एकदा बघाल की नाही त्याच्याकडे?"

"बघितलंय."

"कधी बघितलंत? स्वप्नात?"

बाईंनी काकडीचा गोळा पुन्हा कासवाच्या तोंडाशी नेला. कासवाने मान जरा बाहेर काढली, जबडा उघडला आणि मिटला. काकडीचं पाणी तेवढं टॉवेलावर गळलं.

त्याची वरची चोच वाढली होती. पोपटाच्या चोचीसारखी वाकून ती खालच्या जबड्याच्याही खाली उतरली होती, आणि त्यामुळे तोंड नीट उघडतही नव्हतं, नीट मिटतही नव्हतं. खायला म्हणून मान पुढे केली की पानाला आधी टोक लागायचं आणि पान सरकायचं. कासव एक पाऊल पुढे टाकायचं. पान आणखी सरकायचं. परवा असंच पालेभाजीचं एक पान ढकलत ते ओट्यापासून थेट बाहेरच्या दारापर्यंत गेलं होतं. तिथे पान उंबऱ्याला अडलं, तेव्हा ते थांबलं आणि पानाकडे बघत बसलं. संध्याकाळी बाईंनी ते सुकलेलं पान उचललं, तेव्हा त्याचा एक लचकाही तुटलेला नव्हता, फक्त टोचल्याच्या खुणा होत्या.

त्याचं नाव मुकादम. बत्तीस वर्षांपूर्वी बोटीवरचा एक स्वयंपाकी तात्यांकडे कवळी करून घ्यायला आला होता. नवे दात लावून आरशात तीन-तीनदा हसला आणि जाताना "आठ दिवस सांभाळा, एक फेरी मारून येतो," म्हणून खोक्यातलं हे कासव ठेवून गेला. तो गेला तो गेलाच. दुसऱ्याच दिवसापासून कासवाने घराची पाहणी सुरू केली. सकाळी उठायचं, भिंतीच्या कडेकडेने सगळ्या खोल्या फिरायच्या, प्रत्येक कोपऱ्यात थांबून मान वर करायची आणि काहीच पसंत न पडल्यासारखं पुढे निघायचं. "हा काय पगार कापायला आलाय का सगळ्यांचा?" बाई म्हणाल्या होत्या, आणि नाव तेव्हापासून तेच राहिलं.

मुकादमाला घरभर मोकळीक होती. बंदी होती ती एकाच खोलीत. तात्या कवळ्या करत. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे, त्यावरून तात्या प्लास्टरचे जबडे ओतायचे, मेणात दात बसवायचे, मग घासून, चाकावर पॉलिश करून कवळी डब्यात घालून परत पाठवायचे. पहिल्याच आठवड्यात कासव त्या खोलीत दिसलं, तेव्हा बाईंनी कमरेवर हात ठेवून निकाल दिला होता: "जिथे लोकांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तू होतात, तिथे हे कातडं फिरायचं नाही. तुमच्या मशीनला तर याचा वारासुद्धा लागता कामा नये." बाईंच्या निकालावर घरात वरचं कोर्ट नव्हतंच. त्या दुसरी पास होत्या. पाटीवरचं कमी आणि माणसाच्या तोंडावरचं जास्त वाचता येतं, असं त्या स्वतःच सांगत, आणि त्यावर कोणी हसलेलं त्यांना चालत नसे.

टॉवेल सोडून बाई उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. लेकीने कधीतरी विसरलेली नखांची कानस त्यांनी कपाटातून शोधून काढली.

"तुमच्याशिवाय अडलंय थोडंच," त्या दाराला म्हणाल्या.

पुन्हा मांडी, पुन्हा टॉवेल. डाव्या हाताने त्यांनी मुकादमाचं डोकं धरायचा प्रयत्न केला. डोकं बोटांतून निसटून आत गेलं. त्या थांबल्या. ते बाहेर आलं. पुन्हा धरलं, पुन्हा आत. तिसऱ्या खेपेला चोच हाती लागली, त्यांनी कानस टेकवली आणि दोनदा ओढली. कर्र असा आवाज झाला. कासवाने पुढचे दोन्ही पाय झाडले, नखं बाईंच्या मनगटावर ओरखडली आणि कानस घसरून चोचीच्या वर नाकपुडीपाशी लागली. रक्ताचा एक बारीक ठिपका आला.

"थांब."

दार उघडून तात्या उभे होते. अंगात गोल गळ्याचा सदरा, दोन्ही हात पँटच्या खिशात. हल्ली ते असेच उभे राहायचे, जहागीरदारासारखे.

"तसं नको," ते म्हणाले. "टोकाला धरू नकोस, दुखतं त्याला. जबड्याच्या मागे, कानाच्या जागी दोन बोटं. हलकेच. तो आपणहून मान सैल सोडतो. आणि कानस आडवी नाही चालवायची. कडेने आत, एका बाजूने."

बाई बघत राहिल्या.

"एवढं कळतंय तर या ना. बसा इथे. करा."

तात्यांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने मान त्यांच्या दिशेला वळवली होती. तात्यांच्या खिशातले हात जरासे हलले, पण बाहेर आले नाहीत.

"उद्या ने त्याला," ते म्हणाले. "लेकीला बोलाव सोबत."

दार पुन्हा लागलं.

बाईंनी रक्ताचा ठिपका ओल्या फडक्याने टिपला. जीभ आपोआप डाव्या बाजूला गेली. खालच्या कवळीची तिथली कड हिरडीला टोचत होती. आज नाही, कित्येक महिने. पूर्वी असं झालं की बाई कवळी काढून तात्यांच्या हातावर ठेवायच्या. लेकीपुढेसुद्धा कधी दात न काढणाऱ्या बाई, पण त्यांच्या हातावर बिनदिक्कत ठेवायच्या. तात्या नाकावर चष्मा ओढून ती जागा बोटाने चाचपायचे, मशीनला दोनदा टेकवायचे, चाकावर फिरवायचे आणि पाच मिनिटांत परत द्यायचे. या वेळी मात्र "उद्या बघतो" म्हणाले. मग "परवा." आणि महिन्याभरापूर्वी तर म्हणाले, दातांच्या डॉक्टरांकडे जा, ते करून देतील. बायकोचं तोंड परक्याकडे पाठवायला निघालेला माणूस! बाईंनी ते बहिणीला सांगितलं, लेकीला सांगितलं, दूध टाकायला येणाऱ्यालाही सांगितलं. आणि त्या दिवसापासून त्या उजव्या बाजूने जेवत होत्या.

*

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर तीन कुत्री, एक मांजर आणि त्यांची माणसं होती. बाई पिशवी मांडीवर धरून बसल्या. लेकीने विम्याच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि ती दर पाच मिनिटांनी फोन बघत होती.

शेजारच्या कुत्र्याच्या मालकाने पिशवीत डोकावून विचारलं, "चावतं का हो हे?"

"चावता येत असतं तर इथे कशाला आणलं असतं?" बाई म्हणाल्या.

डॉक्टर तरुण होती. केस बारीक कापलेले, हातावर मांजरांचे ओरखडे. तिने मुकादमाला टेबलावर ठेवून खूप वेळ सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि मग सरळ सांगितलं, "कासवं माझ्याकडे वर्षाला तीन-चारच येतात. मी माझ्याकडून नीट करीन. पण आधीच सांगते, उशीर झालाय."

"उशीर म्हणजे?"

"काय खातो हा?"

"काकडी. भोपळा. पालेभाजी. किसून देते मी, बारीक. म्हातारा झालाय ना."

"कडक काही?"

"कडक कशाला देऊ? दात आहेत का त्याला?"

डॉक्टर हसली, पण लगेच गप्प झाली. "मोकळं असलं की हे दगडमातीवर चरतं, चिवट पाला तोडतं, त्यात चोच झिजते. घरात मऊ खाल्लं की नुसती वाढत जाते, आपल्या नखांसारखी. आणि याचा जबडा मुळातच थोडा तिरका आहे, बघा. म्हणजे याची तर नेहमीच घासायला लागणार."

किसणी बाईंनी काल रात्रीच स्वच्छ घासून ठेवली होती.

मदतनीस बाईने मुकादमाला दोन्ही हातांनी धरलं. डॉक्टरने त्याच्या जबड्यामागे दोन बोटं ठेवली. तो जरा धडपडला आणि मग त्याने मान सैल सोडली. अगदी आपणहून. बाईंच्या कपाळाला आठी पडली. डॉक्टरने हातात बारीक टोकाचं फिरतं मशीन घेतलं आणि सुरू केलं.

तो आवाज बाईंना पाठ होता. चाळीस वर्षं त्या आवाजावर त्यांनी भात शिजवला होता, मुलीला झोपवलं होतं, भांडणं केली होती. तो कधी सुरू होई आणि कधी थांबे हे त्यांच्या लक्षातही येत नसे. आता मात्र लक्षात आलं, की तो शेवटचा कधी ऐकला ते आठवत नाही.

आवाज थांबला.

"एक सांगा," डॉक्टर खाली वाकून बघत म्हणाली, "आधी कोण घासायचं याची चोच?"

"कोणी नाही," लेक म्हणाली. "घासायची असते हेच आम्हाला माहीत नव्हतं."

"नाही कसं? कोणीतरी घासत होतं. नेमाने. आणि फार सफाईने." तिने दिवा जवळ ओढला. "चोच वरून वाढत खाली येते ना, म्हणजे टोकाचा भाग सगळ्यात जुना. ही कड बघा. गुळगुळीत आहे, पॉलिश केल्यासारखी. नुसती कापलेली नाही, आतून गोलाई दिलेली आहे, खालच्या जबड्यावर बरोबर बसेल अशी. मलाही असं जमणार नाही. आणि हे वरचं बघा, खडबडीत, याला हात लागलेला नाही. म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं करत होतं आणि मग एकदम थांबलं."

"कधी थांबलं?" बाईंनी विचारलं.

"सात-आठ महिने झाले असतील."

डॉक्टरने एका छोट्या कातरीने टोक छाटलं. नखाएवढा, चंद्रकोरीसारखा तुकडा टेबलावर पडला. मदतनीस बाई तो पुसून टाकणार, तेवढ्यात बाईंनी हात पुढे केला.

"द्या इकडे."

"आई, ते कशाला?" लेक म्हणाली.

बाईंनी तुकडा तळहातावर घेतला आणि त्याच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा. मग पुन्हा. अंगठा कुठेच अडला नाही. अशी एक कड त्यांच्या तोंडात अठरा वर्षं होती आणि दिवसातून शंभरदा त्यांची जीभ तिच्यावरून फिरत होती. ही कड कुठल्या हाताची, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई बहिणीकडे जात. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. परत आल्या की मुकादम ओट्याखाली झोपलेला असायचा आणि तात्या कामाची खोली झाडत असायचे. एरवी कधी केरसुणीला हात न लावणारा माणूस! "आज कशी काय अक्कल सुचली?" असं त्या दर वेळी विचारायच्या आणि तात्या हसायचे.

"आई? काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "कवळी टोचतेय."

डॉक्टर आणखी बरंच सांगत होती. सगळं एकदम कापलं नाही, आत रक्ताची नस उतरलेली असते. तीन आठवड्यांनी पुन्हा आणा, मग पुन्हा. इतके महिने जबडा वाकडा राहिल्याने तो तसाच बसलाय, खायची सवय मोडली असेल. वय बघता भूल द्यायची हिंमत होत नाही. खाल्लं तर बरं. नाही खाल्लं तर नळी घालून बघू, पण खात्री देत नाही. लेक फोनमध्ये सगळं टिपून घेत होती. बाईंनी मान हलवली, पण त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांच्या डोळ्यांपुढे गोल गळ्याचे सदरे होते. उन्हाळ्यात तात्यांनी एक दिवस बटणांचे सगळे शर्ट गाठोड्यात बांधून टाकले, तेव्हा त्या लेकीला म्हणाल्या होत्या, "तुझ्या बापाला म्हातारपणी कॉलेजात जायचंय." चहा कपबशीत नको, मोठ्या ग्लासात दे, आणि अर्धाच भर, हेही तेव्हाचंच. त्यावरही त्यांनी काहीतरी म्हटलं होतं. काय ते आता आठवेना. चांगलं झणझणीत असणार, एवढं नक्की.

रस्त्यात लेक म्हणाली, "बाबांना विचारायला हवं, कोण करत होतं ते."

"तू ऑफिसला जा," बाई म्हणाल्या. "अर्धी रजा अर्धीच असते."

*

कामाच्या खोलीचं दार बाईंनी कधी ठोठावलं नव्हतं, आजही ठोठावलं नाही. फक्त आज त्या पिशवीसकट आत गेल्या.

खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. त्या उन्हात प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाखाली डॉक्टरांची चिठ्ठी, आणि सगळ्यांवर बोटभर धूळ. पॉलिशच्या चाकावर कोळ्याने जाळं विणलं होतं. तात्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

पिशवी बघून ते उठू लागले. "इथे कशाला आणलंस त्याला? तूच तर—"

"बसा."

ते बसले.

बाईंनी मुकादमाला फरशीवर सोडलं. तो क्षणभर थांबला आणि मग भिंतीच्या कडेने नाही, कोपऱ्यात नाही, सरळ टेबलाखालून जाऊन तात्यांच्या डाव्या पावलापाशी थांबला. ओळखीची वाट असावी तसा. बाई ते बघत राहिल्या.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" तात्यांनी विचारलं.

"म्हणाली, आधी जो घासायचा त्याचा हात सोन्याचा होता."

बाईंनी कनवटीच्या रुमालाची गाठ सोडली आणि तो चंद्रकोरीसारखा तुकडा टेबलावर ठेवला. ऊन त्याच्या आतल्या कडेवर चमकलं.

"कधीपासून करत होता?"

"तो आला त्या वर्षापासून." तात्या खाली मुकादमाकडे बघत म्हणाले. "तेव्हाच जरा वाढलेली होती. याला मशीनचं वेगळं टोक ठेवलं होतं मी, वेगळ्या डबीत. लोकांच्या कामाचं नाही लावलं कधी. चाकाला कापडसुद्धा वेगळं. तुझी शपथ."

"मी काय तपासायला आलेय?"

"तू नको म्हणाली होतीस ना."

"बत्तीस वर्षं?"

"तू नको म्हटलेलं कधी बदलतेस?"

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी स्टूल ओढलं आणि तात्यांच्या समोर बसल्या.

"हात दाखवा."

तात्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

"हात."

त्यांनी आधी डावा काढला, मग उजवा, आणि दोन्ही टेबलावर पालथे ठेवले, एखादी वस्तू परत करावी तसे. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग टेबलावरचा तो तुकडा हलकेच वाजू लागला. टिकटिकटिक. त्याच्यामागे एका जबड्याखालची चिठ्ठी थरथरली. तात्यांचा उजवा हात टेबलावर एकटाच काहीतरी करत होता, त्यांना न विचारता.

"डाव्यात कमी आहे," ते म्हणाले. "सकाळी कधीकधी नसतंच. शेवटच्या वेळी सकाळीच घेतला होता त्याला. मशीन सुरू केलं, आणि टोक गेलं याच्या डोळ्यापर्यंत. एवढंसं राहिलं." अंगठा आणि बोट यांच्यात अंतर दाखवायला त्यांनी हात उचलला, पण ते अंतर काही एका जागी ठरेना. त्यांनी हात खाली ठेवला. "मग बंद केलं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. गोळ्या दिल्या. वाढू नये म्हणून. जाणार नाही म्हणाले."

"कुठे ठेवल्यात गोळ्या?"

तात्यांनी भुवईनेच दाखवलं. खिडकीत मेणाच्या पत्र्यांचा डबा होता. तिथे बाईंचा हात कधीच जात नव्हता.

बाईंनी दोन्ही हातांनी तात्यांचं उजवं मनगट धरलं. घट्ट. त्यांच्या हातांनी आजवर जे धरलं ते हललं नव्हतं: ना उकळतं पातेलं, ना तापातली लेक, ना हा मुलखाचा वांड संसार. मनगट त्यांच्या मुठीत आलं आणि मुठीतच थरथरत राहिलं. बाईंनी आणखी जोर लावला. थरथर मुठीतून त्यांच्या कोपरापर्यंत चढली आणि बांगड्या किणकिणू लागल्या. दोघंही त्या आवाजाकडे बघत राहिले. मग बाईंनी पकड सोडली.

पिशवीतून त्यांनी पालेभाजीचं एक पान काढलं. न किसलेलं, देठासकट. वाकून मुकादमापुढे धरलं. त्याने मान लांब केली, जबडा उघडला. आता पूर्वीपेक्षा जास्त उघडला. मिटला तो पानाच्या बाजूला, हवेत. त्याने पुन्हा उघडला आणि पुन्हा हवेतच मिटला. पान होतं तिथेच होतं. तिसऱ्या वेळी त्याने प्रयत्न केला नाही. डोकं तात्यांच्या पावलाला टेकवून तो डोळे मिटून राहिला.

"खाईल," तात्या म्हणाले.

पान बाईंनी त्याच्या तोंडाशी ठेवलं आणि त्या स्टुलावर सरळ बसल्या. जीभ डावीकडे गेली. पदर तोंडापुढे धरून त्यांनी खालची कवळी काढली, फडक्याने पुसली आणि टेबलावर त्या तुकड्याशेजारी ठेवली. दोन कडा शेजारी-शेजारी होत्या. तात्यांनी चष्मा नाकावर ओढला, सवयीने हात पुढे केला आणि अर्ध्यातच थांबवला.

"मला जमायचं नाही आता," ते म्हणाले. "म्हणून सांगत होतो, डॉक्टरांकडे जा."

"नीट सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू—"

"तर मी काय?"

"ओरडली असतीस."

"मग ओरडले असते!" दात नसलेल्या तोंडातून बाईंचा आवाज वेगळाच निघाला, पोकळ आणि म्हातारा. तो ऐकून त्या स्वतःच थबकल्या. कवळी उचलून त्यांनी तोंडात बसवली. डावीकडे टोचली. त्यांनी ती तशीच दाबून घेतली, पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. बऱ्याच महिन्यांत पाहिलं नसेल इतकं नीट पाहिलं.

"आठ महिने मी जगाला सांगत फिरले, आमचे हे आळशी झालेत म्हणून," त्या म्हणाल्या. "ते चुकलं. आळशी नाही तुम्ही. तुम्ही अप्पलपोटे आहात. एवढं मोठं दुखणं घरात आलं, आणि मला घासभरही न देता एकटेच खात बसलात."